पुढच्या पिढीचा हिशोब कुठल्या टक्क्याने करायचा?

हवामान बदलाचा विषय निघाला की तापमानाचे आकडे सुरू होतात, दीड डिग्री, दोन डिग्री, कुठला महिना किती तापला. ते आकडे महत्त्वाचे आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण मला गेले कित्येक महिने एक वेगळाच आकडा छळतोय आणि तज्ज्ञ सोडले तर त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलताना दिसत नाही, म्हणून आज बसून लिहून काढतेय. तो आकडा म्हणजे डिस्काउंट रेट.

सरकारला एखादी मोठी गोष्ट ठरवायची असते, समजा कोळशाचे प्लांट मुदतीआधी बंद करायचे का, तर खर्च आज होणार असतो आणि फायदा मिळणार असतो 30, 50, 100 वर्षांनी, तोही भलत्याच माणसांना. मग आजचे पैसे आणि तेव्हाचे पैसे एकमेकांशी तोलायचे कसे? तर भविष्यातल्या रकमेला दरवर्षी ठराविक टक्क्याने कात्री लावत लावत तिला आजपर्यंत मागे आणतात. बँकेतल्या ठेवीवर व्याज चढत जातं ना, त्याच्या बरोब्बर उलट. ऐकायला अगदी निरुपद्रवी वाटतं. आता कॅल्क्युलेटर घेऊन बसा. 100 वर्षांनी कुणाचं तरी 100 डॉलरचं नुकसान होणार आहे असं धरू. 1.4 टक्के दराने मागे आणलं तर त्याची आजची किंमत येते साधारण 25 डॉलर. 3 टक्क्यांनी आणलं तर 5 डॉलर. 5 टक्के लावले तर पाऊण डॉलर, आणि 7 टक्के लावले की 12 सेंटसुद्धा भरत नाहीत. नुकसान तेच आहे, ज्याचं होणार तो माणूसही तोच आहे, फक्त एक्सेलच्या एका खान्यातला आकडा बदलला आणि तो माणूस हिशोबातून जवळजवळ पुसला गेला.

ही नुसती कागदावरची गंमत असती तर मी इतकी अस्वस्थ झाले नसते. अमेरिकेत काय झालं बघा. तिथे सोशल कॉस्ट ऑफ कार्बन नावाचा एक आकडा सरकार काढायचं, म्हणजे आज एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तर पुढच्या सगळ्या काळात मिळून त्याने किती डॉलरचं नुकसान होईल. गाड्यांनी किती मायलेज द्यायचं, पॉवर प्लांटच्या धुराड्यातून किती सोडायचं, असे नियम करताना हा आकडा वापरायचे. ओबामांच्या काळात तो 40 डॉलरच्या आसपास होता, मुख्य दर 3 टक्के. ट्रम्प पहिल्यांदा आले तेव्हा तो थेट 1 ते 7 डॉलरवर आणला गेला, कारण एक तर फक्त अमेरिकेतलं नुकसान मोजायचं ठरलं आणि दुसरं म्हणजे 3 टक्क्यांच्या जोडीला 7 टक्क्यांचा दर आणला. मग बायडन यांच्या काळात 2023 मध्ये 2 टक्के दर धरून आणि नुकसानीची नवी गणितं करून तोच आकडा 190 डॉलर झाला. या सगळ्या वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत काहीही बदल झालेला नव्हता, तो जितका ताप धरून ठेवायचा तितकाच धरून ठेवत होता. नुकसान समजून घेण्याचं शास्त्र थोडं पुढे गेलं हे खरं, पण या उड्यांमधला मोठा वाटा आहे तो पुढच्या माणसांना किती मोजायचं आणि कुठल्या माणसांना मोजायचं या प्रश्नाचा, आणि हा प्रश्न विज्ञानाचा नाहीच.

या वादाला इतिहास आहे. 2006 मध्ये ब्रिटिश सरकारसाठी अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी एक मोठा अहवाल लिहिला, त्यात 1.4 टक्क्यांच्या आसपासचा दर धरला होता आणि निष्कर्ष असा की आत्ताच, जोरात, मोठा खर्च करून उत्सर्जन कमी करा, नंतरचं नुकसान त्याहून कितीतरी जास्त आहे. त्यावर अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी, ज्यांना पुढे 2018 मध्ये नोबेल मिळालं, आक्षेप घेतला की बाजारात लोक प्रत्यक्षात जो परतावा मागतात त्याच्याशी हा दर जुळत नाही, बाजारासारखा दर लावला तर हळूहळू वाढत जाणारा कार्बन टॅक्स पुरेसा आहे. दोघेही कार्बनवर किंमत लावाच म्हणत होते, हे सांगायला हवं, कारण नॉर्डहाउस यांना कुणी हवामान बदल नाकारणारे समजू नये. पण किती आणि किती घाईने, यातला फरक बऱ्याच अंशी त्या एका टक्क्यातून आला होता.

डिस्काउंट करण्यामागे काही तर्कच नाही असं मी म्हणत नाहीये. एक कारण पटण्यासारखं आहे: पुढची माणसं आपल्यापेक्षा श्रीमंत असतील तर त्यांना एका डॉलरची किंमत आपल्यापेक्षा कमी वाटणार, मग आजच्या गरिबाच्या तोंडचा घास काढून उद्याच्या श्रीमंताला कशाला द्यायचा. ठीक आहे. पण ती श्रीमंत असतील हे कशावरून? गेली दोनशे वर्षं जग श्रीमंत होत गेलं यावरून. आणि ती दोनशे वर्षं स्थिर हवामानात गेली, जेव्हा पाऊस बराचसा ठरलेल्या वेळी यायचा, समुद्र जागच्या जागी होता, पिकांचं वेळापत्रक पिढ्यानपिढ्या चालायचं. म्हणजे जी गोष्ट आपण मोडतोय ती मोडणार नाही असं आधीच धरून चालायचं आणि मग ती मोडली तरी फार बिघडत नाही असा निष्कर्ष काढायचा. इथेच घोडं पेंड खातं.

दुसरं कारण मात्र मला अजिबात पटत नाही, ते म्हणजे नुसतं नंतर आहे म्हणून कमी. फ्रँक रॅमसे नावाचा केंब्रिजचा एक गणितज्ञ होता, 26 व्या वर्षी 1930 मध्ये गेला, पण त्याआधी 1928 मध्ये बचतीवर त्याने एक निबंध लिहिला जो आजही अर्थशास्त्रात शिकवतात. त्यात त्याने स्पष्ट म्हटलंय की नंतरच्या सुखाला केवळ नंतरचं म्हणून कमी लेखणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही, आपली कल्पनाशक्ती तोकडी पडते म्हणून आपण तसं करतो. हे वाचल्यापासून मी डिस्काउंट रेट या प्रकाराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आपल्याला 2110 मधली एखादी बाई तिच्या घामासकट, तिच्या काळजीसकट डोळ्यांपुढे आणता येत नाही आणि ही आपली मर्यादा आपण दशांश चिन्हात लिहून तिला शास्त्रीय नाव दिलंय.

कुणी म्हणेल की कर्ज तर प्रत्येक पिढी पुढच्या पिढीवर ठेवते, रस्त्यांचं, युद्धांचं, त्यात काय मोठंसं. पण पैशाचं कर्ज फेडता येतं, माफ करता येतं, नाइलाज झाला तर बुडवता येतं. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. आपण सोडतो त्यातला निम्म्याच्या आसपास समुद्र आणि जंगलं शोषून घेतात, उरलेला हवेत साचतो आणि त्यातला एक हिस्सा हजारो वर्षं तिथेच राहतो. त्यामुळे उद्या सगळ्या जगाने नेट झिरो गाठलं, म्हणजे जेवढा सोडतो तेवढाच परत शोषून घेतला, तरी तापमान खाली येणार नाही, वाढायचं साधारण थांबेल एवढंच. समुद्र तर त्यानंतरही शतकानुशतकं चढत राहील, कारण खोल पाण्यात उष्णता पोचायला आणि बर्फाचे प्रचंड थर वितळायला वेळ लागतो आणि एकदा सुरू झालं की ते आपल्या सोयीने थांबत नाही. कुठल्याही संसदेत ठराव करून हे माफ होणारं नाही.

आणि माहीत नव्हतं म्हणायची सोयही आता राहिलेली नाही. युनिस फूट या बाईंनी 1856 मध्ये काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते, थंड व्हायला जास्त वेळ घेते हे दाखवलं. स्वीडनचे शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब हाताने केला. 1958 पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर रोज मोजणी चालू आहे, सुरुवातीला हवेतलं प्रमाण 315 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 315 भागांच्या, आसपास होतं, आता 420 च्या पुढे गेलंय, कारखानदारी सुरू व्हायच्या आधी 280 होतं. 1988 मध्ये आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलाच्या शास्त्राचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, स्थापन झाली, 1992 मध्ये रिओत हवामान करारावर सह्या झाल्या. आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे माणसाने आजवर कोळसा, तेल, गॅस जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला त्यातला निम्म्याहून जास्त 1990 नंतरचा आहे. म्हणजे अजाणतेपणी वाफेचं इंजिन फिरवणाऱ्या लोकांपेक्षा सगळं ठाऊक असलेल्या आपल्या काळाने जास्त सोडला. पूर्वजांच्या नावावर हे खपवता येणार नाही.

आता वीज आणि ऊर्जा धोरणाकडे येते, कारण खरा निर्णय तिथे होतो. घरातला दिवा बंद करा, नळ नीट बंद करा या गोष्टी चांगल्याच आहेत पण धोरणाचं वजन वेगळ्याच ठिकाणी असतं, ते असतं यंत्रांच्या आयुष्यात. कोळशाचा प्लांट 40 वर्षं चालायच्या हिशोबाने बांधतात आणि बऱ्याचदा त्याहून जास्त चालवतात. इंग्लंडमध्ये रॅटक्लिफ-ऑन-सोअर नावाचा प्लांट 30 सप्टेंबर 2024 ला बंद झाला, तो ब्रिटनचा शेवटचा कोळशाचा वीजप्रकल्प. जगातलं पहिलं सार्वजनिक कोळसा वीजकेंद्र लंडनमध्येच 1882 मध्ये होलबॉर्न व्हायाडक्टला सुरू झालं होतं, म्हणजे 142 वर्षांनी एक वर्तुळ पूर्ण झालं वगैरे बातम्या आल्या, आनंद झाला, पण माझं लक्ष गेलं ते रॅटक्लिफ 1960 च्या दशकात सुरू झाला होता याकडे. ज्या लोकांनी त्याच्या कागदांवर सह्या केल्या त्यातले बहुतेक जण तो बंद होताना बघायला नसतील, आणि त्या सह्यांच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी माणसं शेवटच्या दिवशी तिथल्या कंट्रोल रूममध्ये ड्युटीवर असणार.

म्हणून आज कुठेही नवा कोळशाचा प्लांट मंजूर होतो तेव्हा तो निर्णय आजचा नसतो, तो 2065 चा निर्णय असतो. तीच गोष्ट गॅस पाइपलाइनची, पोलाद वितळवणाऱ्या भट्टीची, आणि इमारतींची तर जास्तच, कारण भिंतीतून उष्णता आत येणारी इमारत पुढची साठ-सत्तर वर्षं एसी मागत राहते. आयपीसीसीने स्पष्ट सांगितलंय की आत्ता उभी असलेली कोळसा-तेल-गॅसची यंत्रणा काहीही न करता तिच्या आयुष्यभर चालवली तर तेवढ्यानेच दीड डिग्रीच्या आत राहायला अजून जेवढा कार्बन सोडता येतो तो सगळा वाटा संपून वर जातो. नवीन काही बांधायचा प्रश्न त्यानंतरचा.

इथे चांगली बातमीही आहे आणि ती मी मनापासून सांगते कारण नुसती भीती घालून लोक कान बंद करतात, ते मी पाहिलंय. 2010 पासून मोठ्या सोलर प्रकल्पांतल्या विजेचा खर्च 90 टक्क्यांच्या आसपास घसरला, लिथियम बॅटऱ्यांचाही साधारण तसाच. 2024 मध्ये जगातल्या विजेपैकी 40 टक्क्यांहून जास्त वीज कार्बन न सोडणाऱ्या मार्गाने आली, म्हणजे पाणी, अणू, वारा, सूर्य सगळं मिळून. वीस वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर स्वप्नाळू म्हणून सोडून दिलं असतं. अडचण संध्याकाळची. सूर्य मावळायला लागला की दोन-तीन तासांत सोलर शून्यावर येतं, नेमकं तेव्हाच लोक घरी येतात, दिवे, पंखे, एसी, चुली सगळं एकदम चालू होतं, आणि ग्रिड चालवणाऱ्या माणसाला त्या दोन-तीन तासांत प्रचंड वीज कुठून तरी उभी करावी लागते, कारण मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळलाच पाहिजे, नाही जुळला तर फ्रिक्वेन्सी ढासळते आणि अंधार. आत्तापर्यंत तिथे गॅस किंवा कोळसा धावून यायचा. 2024 च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात एका संध्याकाळी काही काळ सगळ्यात जास्त वीज बॅटऱ्यांनी पुरवली, दुपारचं ऊन साठवून. म्हणजे हे होऊ शकतं. पण त्यासाठी बॅटऱ्या लागतात, ट्रान्समिशनच्या लाइन लागतात, आणि लाइन टाकायला सोलर पार्कपेक्षा जास्त वर्षं जातात, याकडे उद्घाटनाच्या फिती कापताना कुणाचं लक्ष नसतं.

आणि इथे तोच टक्का पुन्हा दार ठोठावतो. कोळशाच्या किंवा गॅसच्या प्लांटला सुरुवातीचा खर्च तुलनेने कमी आणि पुढे आयुष्यभर इंधनाचा खर्च. सोलरचं उलट, पॅनल, जमीन, तारा, सगळा खर्च पहिल्याच दिवशी आणि नंतर ऊन फुकट. त्यामुळे कर्ज स्वस्त असेल तर सोलर जिंकतं आणि कर्ज महाग असेल तर तेच सोलर हरायला लागतं, ऊन कितीही असो. गंमत नाही, चीड येण्यासारखी गोष्ट आहे ही, की ज्या देशांत ऊन सगळ्यात जास्त आणि विजेची भूक सगळ्यात मोठी, तिथेच मोठ्या सोलर प्रकल्पाला लागणारं भांडवल श्रीमंत देशांच्या दुपटीहून महाग पडतं. धोका जास्त आहे म्हणतात. मग तो देश कोळशाकडे वळला की परिषदांमध्ये बोटं त्याच्याकडेच वळतात. मला तर वाटतं की हवामानाच्या वाटाघाटींत एकच गोष्ट मिळवायची असेल तर गरीब देशांसाठी स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज मिळवावं, त्याने भाषणांपेक्षा जास्त टन वाचतील.

अणुऊर्जेबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही, तरी सांगते. जर्मनीने 2023 च्या एप्रिलमध्ये शेवटचे तीन अणुप्रकल्प बंद केले, त्या वेळी त्यांचे कोळशाचे प्लांट चालू होते. मला हा क्रम उलटा वाटतो. फ्रान्सने 1974 नंतर दीड-एक दशकात आपली बहुतेक वीज अणूवर नेली होती, म्हणजे ठरवलं तर घाईनेही होतं, पण हेही खरं की फिनलंडमध्ये ओल्किलुओटो बेटावरच्या ओल्किलुओटो 3 या अणुभट्टीचं बांधकाम 2005 मध्ये सुरू झालं आणि नियमित वीज मिळायला 2023 उजाडलं, खर्च कुठल्या कुठे गेला. त्यामुळे अणू हा एकमेव उपाय नाही. पण लोक कचऱ्याचा मुद्दा काढतात तेव्हा मला काहीतरी वेगळं दिसतं. त्याच बेटावर फिनलंडने 400 मीटरहून खोल खडकात ओंकालो नावाचं भुयार खोदलंय, वापरलेलं इंधन तांब्याच्या डब्यांत बंद करून, भोवती बेंटोनाइट माती भरून तिथे ठेवायचं, आणि हिशोब केलाय 1,00,000 वर्षांचा. एका प्रकारच्या कचऱ्यासाठी आपण लाख वर्षांनंतरच्या माणसाचा विचार करून दाखवला. मग धुराड्यातून निघणाऱ्या, हजारो वर्षं टिकणाऱ्या दुसऱ्या कचऱ्याला हाच नियम का नाही? तो दिसत नाही, वास येत नाही, म्हणून?

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. जगात 60 कोटींपेक्षा जास्त माणसांच्या घरात आजही वीज नाही. त्यांना जाऊन पुढच्या पिढ्यांसाठी त्याग करा असं सांगायचं? अजिबात नाही. आजच्या उत्सर्जनातला जवळपास निम्मा वाटा जगातल्या सगळ्यात श्रीमंत 10 टक्के लोकांचा आहे, आणि खालच्या अर्ध्या जगाचा वाटा त्यापुढे किरकोळ. अंधारात असलेल्या घराला दिवा आणि पंखा दिल्याने पृथ्वी तापत नाही. आजचा गरीब आणि उद्याचं मूल यांना एकमेकांसमोर उभं करणारा युक्तिवाद मला नेहमी मधल्या तिसऱ्या माणसाच्या सोयीचा वाटत आलाय, जो दोघांच्याही जिवावर उडवतोय. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच, फक्त इथली आयजी अजून जन्माला यायची आहे त्यामुळे ती ओरडतही नाही.

ती ओरडत नाही म्हणून तिच्या वतीने कुणी बोलायचं, यावर काही देशांनी खरंच डोकं लावलंय. वेल्सने 2015 मध्ये कायदा करून भावी पिढ्यांसाठी एक कमिशनर नेमायची सोय केली. जर्मनीत तर 2021 मध्ये घटनात्मक न्यायालयाने सरकारचा हवामान कायदा काही अंशी घटनाबाह्य ठरवला आणि कारण फार मोलाचं होतं: तुम्ही 2030 पर्यंत हलकं हलकं काम ठेवलंय आणि सगळं जड ओझं त्यानंतर ढकललंय, त्यामुळे आज तरुण असलेल्यांच्या पुढच्या स्वातंत्र्यावर गदा येते. काही महिन्यांत सरकारला लक्ष्य 2050 वरून 2045 वर आणावं लागलं. पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 2019 मध्ये वर्गात बसून एक कल्पना काढली, तिथल्याच वानुआतू या बेट-देशाच्या सरकारने ती उचलून धरली आणि जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, नुसती सदिच्छा नाही. ते मत बंधनकारक आदेश नाही, पण जगभरच्या कोर्टांत आता ते दाखवलं जाणार.

नॉर्वेचं उदाहरण मात्र मला गोंधळात टाकतं. समुद्रातलं तेल विकून आलेला पैसा पुढच्या पिढ्यांसाठी एका फंडात ठेवायचा असं त्यांनी 1990 मध्ये ठरवलं, आणि दरवर्षी साधारण त्याच्या अपेक्षित परताव्याएवढंच, हल्ली 3 टक्के, खर्च करायचं ही शिस्त पाळली. इतकी शिस्त फार कमी देशांना जमली. पण ते तेल जळलं कुठेतरी, आणि त्याचा धूर ज्या पिढ्यांच्या वाट्याला जाणार त्या सगळ्या काही नॉर्वेत जन्मणार नाहीत. पैसा आपल्या नातवंडांना, धूर सगळ्यांच्या नातवंडांना.

रॅमसेच्या कल्पनाशक्तीच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त आशा वाटली ती जपानमधल्या एका प्रयोगाने. तात्सुयोशी साइजो नावाच्या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये यहाबा नावाच्या छोट्या गावात रहिवाशांचे गट केले. काही गट आजचे नागरिक म्हणून बसले, बाकीच्यांना सांगितलं की तुम्ही 2060 मधले रहिवासी आहात, वय आत्ता आहे तेवढंच, पण साल 2060, आणि तिथून मागे वळून आजच्या गावाला काय करायला सांगाल ते ठरवा. आजच्या गटांनी आजच्या तक्रारी पुढे ओढल्या, सोयी मागितल्या. 2060 च्या गटांनी मात्र अवघड आणि वेळखाऊ कामं आधी घ्या म्हटलं. माणसं त्याच गावातली, त्यांच्यात कुणी संत नव्हतं. त्यांना फक्त काही तास दुसऱ्या कुणाच्या तरी जागी बसवलं होतं. म्हणजे आपण स्वभावाने स्वार्थी आहोत म्हणून हे होत नाही हा जो निराशेचा सूर असतो ना, तो मला आता मान्य नाही. ज्या खोलीत निर्णय होतो तिथे ती खुर्चीच नसते.

आणि एकदा तरी आपण हे करून दाखवलंय. मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये सांगितलं की फ्रिजमधले आणि स्प्रेमधले सीएफसी वायू ओझोनचा थर खातायत, 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जाहीर झालं, आणि 1987 मध्ये हे वायू कमी करायचा माँट्रियल करार झालासुद्धा, सगळे पुरावे शंभर टक्के हातात यायची वाट न बघता. अंटार्क्टिकावरचा थर 1980 च्या पातळीवर यायला अंदाजे 2066 उजाडेल. ज्यांनी 1987 मध्ये सह्या केल्या त्यातल्या बहुतेकांना ते दिसणार नाही, तरी त्यांनी सह्या केल्या. सीएफसीला पर्याय सोपा होता, कोळसा-तेल म्हणजे सगळी अर्थव्यवस्थाच, हा फरक मला मान्य आहे. पण मिथेनचं गणित तरी सीएफसीच्या जवळपास जाणारं आहे. हा वायू हवेत साधारण 12 वर्षंच राहतो, पण 20 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट ताप धरतो. तेल आणि गॅसच्या विहिरींतून, पाइपच्या सांध्यांतून तो नुसता गळतो, आणि बरीचशी गळती बंद करायला फारसा खर्च येत नाही, वाचलेला गॅस विकताच येतो. 2021 मध्ये शंभराहून जास्त देशांनी 2030 पर्यंत 30 टक्के कपातीचं वचन दिलं. 2030 आलंच की. याचा परिणाम तर आपल्याच हयातीत दिसणारा आहे, इथे पुढच्या पिढीचं कारणसुद्धा लागत नाही.

मला मुलांच्या डोळ्यांत बघून अपराधी वाटून घ्यायचं नाहीये, अपराधी वाटून एकही टन कमी होत नाही. मला हवंय ते फार रुक्ष आहे. कुठलाही वीजप्रकल्प, पाइपलाइन, बंदर, हायवे मंजुरीला येतो तेव्हा जाडजूड अहवाल निघतो, आणि डिस्काउंट रेट कुठेतरी मागच्या परिशिष्टात, बारीक अक्षरात असतो. तो पहिल्या पानावर छापावा. त्याच्याशेजारी दर 2 टक्के धरला तर उत्तर काय येतं आणि 7 धरला तर काय येतं हे दोन्ही लिहावं, प्रकल्प कुठल्या साली बंद होणार आणि तो मोडून जागा साफ करायचा खर्च कोण देणार तेही. जनसुनावणीत लोक जमिनीबद्दल, नोकऱ्यांबद्दल, धुराबद्दल विचारतात, विचारायलाच हवं. त्यातल्या एकाने जरी उठून विचारलं की साहेब, 2080 मधल्या माणसाला तुम्ही किती टक्क्यांनी कापलंय आणि हा टक्का कुणी ठरवला, तर समोर बसलेल्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल, आणि पुढच्या अहवालात तो आकडा भरताना कुणाचा तरी हात थोडा वेळ थांबेल.